वरच्या चौदा पट्ट्या

त्या लेखकाला मी पहिल्याच दिवशी दारातून परत पाठवायला हवं होतं. कपडे टाकायला आलेला नाही, न्यायला आलेला नाही, असल्या माणसाचं लाँड्रीत काय काम? पण त्याच्या हातात आमच्या धाकट्याची चिठ्ठी होती, ‘ताई, याला सगळं सांग.’ आणि मी गाढव, त्याला आत घेतलं, वर खुर्ची पुसून दिली.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. गातो. कुठे आणि काय ते मी सांगायला नको, रस्त्यावरच्या कुठल्याही पोराला विचारा, ते गाऊनच दाखवील. पंचेचाळिशीचा झालाय, तरी त्याच्या कार्यक्रमात पोरी किंचाळतात. त्याच्या चालींची एक खासियत आहे. सूर वर चढायला निघतो, आता चढेल, आता चढेल असं वाटतं, आणि तिथेच अडून खाली येतो. लोक त्यावर जीव टाकतात. ‘अडलेला सूर’ असं नावच पडलंय त्याला. आणि हे लेखकमहाशय त्या अडलेल्या सुरावर चारशे पानांचं चरित्र लिहीत होते. सुरुवातीची दहा वर्षं, पहिली नऊ गाणी, कुठली चाल कुठे बसून सुचली, कशी सुचली, का सुचली. एवढं तर धाकट्यालाही ठाऊक नसेल.

तीनदा आला मेला. पहिल्या खेपेला त्याने आमचं इस्त्रीचं टेबल टेपने मोजलं. धाकटा त्या टेबलावर की-बोर्ड ठेवून चाली बांधायचा ना, म्हणून. “उंचीवर बोटांची ठेवण ठरते,” म्हणाला. मी त्याला पूर्ण मोजू दिलं, लिहून घेऊ दिलं, आणि मग सांगितलं की टेबल मागच्या वर्षी नवीन केलंय. तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या खेपेला त्याने आमच्या वाफेच्या प्रेसची फुसफुस रेकॉर्ड करून नेली. म्हणे धाकट्याच्या तालाचं मूळ त्यात आहे. असेलही. आम्हाला त्या फुसफुशीने नुसती डोकेदुखी मिळाली.

तिसऱ्यांदा आला तो परवा, सकाळी अकराला, हातात कागदांचा गठ्ठा घेऊन. बाबा नेहमीसारखे काउंटरमागे उंच स्टुलावर बसून कपड्यांना नंबरच्या चिंध्या टाचत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. घरी बसा म्हटलं तर म्हणतात, घरी बसून भिंतींना टाचू का?

“दुसरं प्रकरण तयार आहे,” लेखक म्हणाला. “शीर्षक आहे ‘गरम कपाट’. फक्त एक अडचण आहे. वकील म्हणतात, वडील हयात आहेत, तेव्हा जे छापतोय ते खरं आहे अशी त्यांची सही हवी. आणि साक्षीदार म्हणून तुमची.”

माझ्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली. कोणाच्या तरी शर्टाची बाही थोडक्यात वाचली.

आता हे गरम कपाट काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ते मागच्या भिंतीला लागून आहे, माणसाएवढं उंच, पत्र्याचं, आत उजव्या अंगाला हीटर. बाहेर दोन दिवस वाळणारा कोट त्यात चाळीस मिनिटांत वाळतो. आमच्या घरात लहानपणापासून एकच कायदा, ओलं दिसलं की कपाटात. छत्री, बूट, शाळेचं दप्तर, सगळं त्यात जायचं. एकदा धाकट्याला आंघोळ घालून आईने विचारलं होतं, याला पण टाकू का कपाटात? आणि तो रडत रस्त्यावर पळाला होता.

सव्वीस वर्षांपूर्वी त्याच कपाटात धाकट्याचा की-बोर्ड गेला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. दोन दिवसांनी त्याचा पहिला कार्यक्रम होता. की-बोर्ड बाहेर काढला तेव्हा उजवीकडच्या वरच्या चौदा पट्ट्या वितळून एकमेकींत रुतल्या होत्या. आणि जगाला जी गोष्ट ठाऊक आहे ती अशी, की मुलाने गाणं सोडावं म्हणून बापाने तो मुद्दाम आत ठेवला. धाकटा त्याच आठवड्यात घर सोडून गेला, वितळलेला की-बोर्ड काखेत मारून. तेव्हापासून तो बाबांशी बोललेला नाही. एक अक्षर नाही.

खरी गोष्ट मला ठाऊक आहे, कारण तो मी ठेवला होता.

मुद्दाम नाही हो. स्टार्चचं भांडं उचलताना हात घसरला आणि अर्धं भांडं की-बोर्डावर सांडलं. मी वरवर पुसला, पण पट्ट्यांच्या फटींतून पाणी टिपकत होतं. परवा पोराचा कार्यक्रम, आणि हा ओला! ओलं दिसलं की कपाटात. दहा मिनिटांत काढते म्हणून ठेवला, आणि तेवढ्यात एक बाई आली. तिच्या कोटाचं एक बटण गेलं होतं आणि ते आम्हीच चोरलं असं तिचं म्हणणं. बटण! आम्ही बटणं चोरून काय आमटीत घालणार होतो? माझं तोंड सुटलं की मला थांबता येत नाही. पाऊण तास भांडले मी त्या बाईशी. जिंकलेसुद्धा.

मग धाकटा आला. त्याने कपाट उघडलं. टेबलावरची तापलेली इस्त्री उचलून त्याने विचारलं, “कोणी केलं?” मी इस्त्रीकडे बघत मागे सरकले. आणि तेवढ्यात बाबा दारातून आत आले, खांद्यावर धुण्याचं गाठोडं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गाठोडं खाली ठेवलं आणि म्हणाले, “मी. ही थेरं बंद कर म्हणून सांगून थकलो होतो.”

आधी मी भीतीने गप्प बसले. मग धाकट्याची गाणी गाजायला लागली, दर रविवारी त्याचा फोन येऊ लागला, वर्षातून दोनदा त्याच्याकडे राहायला जाऊ लागले, दुकानात नवं धुलाई मशीन त्याने घेऊन दिलं. फोनवर तो बाबांना शिव्या घालायचा आणि मी हं हं करायचे. आपल्याला गोड लागतंय ना, मग कशाला तोंड उघडा. अशी आहे मी. दुसऱ्यांना चार शब्द सुनवायला पहिली, आणि आपल्या वेळेला मुकी.

तर लेखकाने कागद पुढे केले. बाबा म्हणाले, “मला बारीक दिसत नाही. तू वाच.”

“बाबा, नंतर वाचू.”

“अगं, माणूस खोळंबलाय. वाच.”

मी वाचायला लागले. “‘त्या दुपारी पित्याने मुलाचे वाद्य उचलले आणि थंड चेहऱ्याने कपाटात ठेवले. दार शांतपणे लावले. आत चौदा स्वर वितळत असताना तो बाहेर उभा राहून शर्टांच्या घड्या घालत होता.’”

इथेच माझं डोकं फिरलं. “ते दार शांतपणे लागतच नाही. गुडघ्याने ढकलावं लागतं, तेही दोनदा.”

“वा!” लेखकाने पेन काढलं. “‘गुडघ्याने दार ढकलले.’ क्रूरपणा जास्त ठसतो.”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. या माणसाला दगड मारला तर तोही उचलून पुस्तकात घालील. “आणि बाबा शर्टांच्या घड्या घालत नाहीत. त्यांना जमत नाही. कॉलर वाकडी होते.”

“आता जमतं,” बाबा स्टुलावरून म्हणाले. “पुढे वाच.”

“‘कोपऱ्यात त्याची अबोल, भेदरलेली बहीण उभी होती.’”

“अबोल?” बाबांनी सुई थांबवली. “कोण, ही?” आणि ते हसले. मला हसू येईना.

पुढचं मी एका दमात वाचून टाकलं. कार्यक्रमात धाकटा उरलेल्या पट्ट्यांवरच वाजवत राहिला. चाल वर जायला लागली की बोटं मेलेल्या पट्ट्यांवर नुसती आपटायची, टक टक टक, आणि गळा तिथूनच माघारी फिरायचा. लोकांना वाटलं, काय नवीन काढलंय पोराने! पहिल्या गाण्यात जी टकटक ऐकू येते ती त्याच पट्ट्यांची. आजही घरी दहा वाद्यं असताना तो नवी चाल त्या वितळलेल्या की-बोर्डावरच बांधतो. एवढा भाग लेखकाने खरा लिहिला होता आणि, काय लपवायचं, चांगला लिहिला होता. पण शेवट असा होता. “‘बापाने त्याचे छप्पर खाली आणले. त्या छपराखाली वाकूनच तो गायला शिकला. त्याच्या प्रत्येक अडलेल्या सुरात एका दुष्ट माणसाचा हात आहे.’”

प्रेसने तेवढ्यात एक फुस्स सोडलं.

“संपलं?” बाबांनी विचारलं.

“संपलं.”

“बरं लिहिलंय. दुष्ट जरा जास्त झालं, पण असू दे, पुस्तकात लागतं. आण ते पेन. सही कुठे करायची?”

सव्वीस वर्षांपूर्वी जसे गाठोडं खाली ठेवून म्हणाले होते, अगदी तसेच म्हणाले. लेखकाने बोट ठेवून जागा दाखवली. बाबांनी पेनाचं टोक कागदावर टेकवलं आणि मी कागद ओढला. निळी रेघ उमटली, आडवी, काउंटरपर्यंत.

“सही करू नका. खोटं आहे ते.”

लेखकाने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. “ताई, तुमच्या भावाने स्वतः सांगितलंय. वडिलांनीही मागच्या भेटीत कबूल केलंय, रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे.”

“मी तुमची ताई नाही.”

“समजू शकतो मी. ज्या माणसाने पोटच्या पोराचं असं केलं, तो तुमच्याशी या इतक्या वर्षांत कसा वागला असेल! त्यांच्यासमोर बोलायची भीती वाटणारच. आपण बाहेर जाऊ या का?”

भीती! माझ्या बाबांची! ज्या माणसाने मला उभ्या जन्मात कधी ‘अगं’च्या वरच्या आवाजात हाक मारली नाही, त्याची! त्यानंतर माझं मलाच आवरेना.

“मी ठेवला!” मी ओरडले. “ऐकू येतंय? मी! स्टार्च सांडला म्हणून वाळायला ठेवला आणि एका बटणावरून भांडत बसले. बाबा इथे नव्हतेच. धुणं आणायला गेले होते. तुमचा तो थंड चेहरा, तुमचं ते छप्पर, घाला चुलीत!”

लेखक खुर्चीत मागे रेलला. मला वाटलं, आता हा म्हणेल की बरं झालं, खरं कळलं. कसलं काय. घाम पुसत म्हणाला, “पुस्तक शुक्रवारी छपाईला जातंय.”

“मग शनिवारी पाठवा.”

“अहो, दुसरं प्रकरण सगळं पडतं. दुसरंच नाही, सातवं, नववं… बापाचा राग काढून टाकला तर त्या अडलेल्या सुराला अर्थ काय राहिला?”

“स्टार्च सांडला, हा अर्थ. लिहा.”

“स्टार्चवर चारशे पानं होत नाहीत!”

“मग चार लिहा. वाचणाऱ्यांचे डोळे तरी वाचतील.”

“अक्कल गहाण टाकलीस का?” हे बाबा. मी वळून पाहिलं. स्टुलावरून उतरून उभे होते, चेहरा लाल. माझ्यावर रागावलेले बाबा मी या वयात पहिल्यांदा पाहिले. “एवढी वर्षं सांभाळलं, आणि आज एका परक्यापुढे बोंब मारलीस? काय मिळवलंस?”

“तुम्ही काय मिळवलंत? मला इस्त्री लागू नये म्हणून एकदा खोटं बोललात, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं होतं!”

“इस्त्रीसाठी नाही गं, बाई.” ते पुन्हा बसले. “त्या वर्षी डॉक्टरने माझी छाती तपासून सांगितलं होतं, फार तर चार-पाच वर्षं. आठवतंय ना? तुझी आई गेलेली. तुझं लग्न मोडून तू परत आलेली. म्हटलं, मी गेल्यावर हिला कोण? तो एकटा. बापावर रुसला तर रुसू दे, बाप आज आहे उद्या नाही. पण बहिणीवर रुसला असता तर तू उघड्यावर पडली असतीस. तुला भाऊ राहायला हवा होता.”

“मग?”

“मग काय! मेलोच नाही,” बाबा चिडून म्हणाले, यायचं कबूल करून न आलेल्या गिऱ्हाइकाबद्दल बोलावं तसे. “पाच झाली, दहा झाली, वीस झाली. त्याला मी काय करू?”

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग हुंदका, दोन्ही एकदम. नाकातून काहीतरी भलताच आवाज निघाला. लेखक पेन उचलून तो आवाज कसा लिहावा या विचारात असावा. “तो रेकॉर्डर बंद करा,” मी त्याला म्हटलं, “नाहीतर तोही कपाटात जाईल.” त्याने निमूट बंद केला.

मग मी मोबाइल काढला आणि धाकट्याला लावला. बाबांनी काउंटरवरून हात लांब केला. “ठेव. ठेव म्हणतो ना! त्याच्या माणसांतला मी कमी झालोय, तेवढं पुरे.” मी पाठ फिरवली.

“हं, ताई. पटकन बोल, तालीम सुरू होतेय.”

पटकनच बोलले. स्टार्च, कपाट, बटण, बाबा नव्हते. चार वाक्यांत संपलं. एवढ्याशा चार वाक्यांना मी केस पांढरे होईपर्यंत थांबले होते.

तिकडे मागे कोणीतरी ढोल लावून बघत होतं. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि ढोल बंद झाला.

“बाबा म्हणाले होते, मी ठेवला.”

“खोटं बोलले.”

“तू समोर उभी होतीस.”

“होते.”

“दर रविवारी फोन करतो मी तुला. दर रविवारी! त्यांना म्हातारा म्हणालो, राक्षस म्हणालो. मेला तर कळवूही नकोस म्हणालो. तू ऐकलंस.”

“ऐकलं.”

“आणि हं हं केलंस.”

हं म्हणायचीसुद्धा सोय राहिली नव्हती. त्याचा श्वास ऐकू येत होता. तो वर चढत गेला, आता काहीतरी बोलेल, शिवी देईल, ओरडेल असं वाटलं, आणि फोन कट झाला. मी परत लावला. त्याने कापला. परत लावला. बंद.

“झालं समाधान?” बाबा म्हणाले. त्यांनी सुई उचलली, दोरा ओवायला गेले, जमेना. “म्हणून सांगत होतो. बस आता एकटी.”

“काय म्हणाले ते?” लेखकाने हळूच विचारलं.

“तुमचं प्रकरण पडलं म्हणाले. उठा, गिऱ्हाइकांची जागा अडवू नका.”

तो कागद गोळा करत होता तेवढ्यात काउंटरवरचा दुकानाचा फोन वाजला. तो जुना फोन कोणी बदलला नाही. बाहेरच्या पाटीवर आईच्या काळापासून तोच नंबर रंगवलेला आहे, आणि तो बाबाच उचलतात, दुसऱ्या कोणी उचललेला त्यांना चालत नाही. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला आणि दिवसातून चाळीस वेळा म्हणतात तसं म्हटलं, “बोला, लाँड्री.”

मग हातातली सुई त्यांनी शर्टाच्या कॉलरला टोचून ठेवली. स्टुलावरून उतरले. फोनची दोरी पुरेना, म्हणून काउंटरवर वाकून उभे राहिले.

“हो,” ते म्हणाले. बऱ्याच वेळाने परत, “हो.” मग, “नाही, छाती बरी आहे. गुडघे तेवढे धरतात.” मग नुसतं ऐकत राहिले. लेखक दारात कागद छातीशी धरून उभा होता. त्याला बाहेर ढकलायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही.

खूप वेळाने बाबांनी रिसीव्हरवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. डोळे वाहत होते, ते पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं.

“म्हणतो, तुझ्याशी यापुढे बोलायचं नाही त्याला,” ते म्हणाले. “मी काय सांगू?”

“काही सांगू नका. बोला तुम्ही,” मी म्हटलं. “सव्वीस वर्षं मी बोलले.”